टायरचा धंदा, वडिलांची ग्रॅच्युइटी आणि जगाचा बाजार

पत्राचा सारांश: सांगलीजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ अडतीस वर्षांचे असून कुपवाड एमआयडीसीतल्या रबर मोल्डिंगच्या कारखान्यात मिक्सिंग विभागाचे सुपरवायझर आहेत. पगार बरा आहे, पण पुढे जायला वाट नाही. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून, टायर विभागातून निवृत्त झाले. त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे तीस लाख बँकेत ठेवीत आहेत. मशिनरी विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने जुन्या टायरांपासून रिक्लेम रबर, म्हणजे मऊ करून पुन्हा वापरण्याजोगं केलेलं रबर, बनवण्याचा दीड कोटीचा प्रकल्प सुचवला आहे. वडिलांचे पैसे घालायचे, उरलेलं कर्ज काढायचं आणि राहतं घर तारण ठेवायचं, अशी आखणी आहे. एवढं झेपत नसेल तर त्याहून स्वस्त पायरोलिसिसचं, म्हणजे टायर तापवून तेल काढण्याचं, युनिट टाका, असंही त्याचं म्हणणं आहे. रिसायकल्ड रबराचा जागतिक बाजार दहा वर्षांत दुप्पट होणार, असं सांगणारा एक अहवाल त्याने पाठवला आहे. पत्नीचा विरोध आहे. वडील "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून गप्प बसतात. महिनाअखेरपर्यंत इसाराचे पाच लाख भरायचे आहेत. वाचक विचारतात, "जगात मागणी वाढते आहे, कच्चा माल रस्त्याकडेला फुकट पडलेला आहे आणि काम पर्यावरणाचं आहे. तरी मला भीती का वाटते? नोकरी सोडू की नको?"

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे की तुम्ही स्वतःला या धंद्यात नवखे समजता. तसे तुम्ही नाही. रिक्लेम रबर ज्या जागी शेवटी जाऊन पडतं, त्या रबर मळणाऱ्या नीडरसमोर तुम्ही रोज उभे असता. कुठल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, किती रिक्लेम चालतं, कुठला लॉट परत पाठवावा लागतो, हे मशीन विकणाऱ्याला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भीतीचं मूळ मला तिथेच दिसतं. तुमच्या हाताला जे माहीत आहे, ते त्या अहवालात कुठेच नाही.

आधी अहवालाचंच बघू. असे अहवाल शोधायला गेलात तर डझनभर मिळतील आणि एकाच वर्षाचे त्यांतले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. कोणी फक्त रिक्लेम मोजतो, कोणी टायरची भुकटी म्हणजे क्रंबही त्यात धरतो, कोणी रिमोल्ड केलेले, म्हणजे वर नवा थर चढवलेले, टायर मिळवतो, तर कोणी पायरोलिसिसचं तेलसुद्धा. जकातीच्या कागदांवर मात्र या गोष्टी वेगळ्या आहेत. रिक्लेम रबर ४००३ या क्रमांकाखाली जातं. रबराचं भंगार आणि भुकटी ४००४ खाली. तुम्हाला जो माल करायचा आहे तो पहिल्या क्रमांकातला. तेव्हा दुप्पट होणाऱ्या बाजारात या मालाचा वाटा किती, एवढा एकच प्रश्न विक्रेत्याला विचारा. त्याच्याकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

आणि जागतिक बाजार म्हणजे तरी काय? तो शेवटी तुमच्यासारख्याच एका माणसाजवळ येऊन थांबतो. कंपाउंडच्या फॉर्म्युल्यात नैसर्गिक रबर काढून त्या जागी दहा भाग रिक्लेम घालावं की वीस, की अजिबात नको, हे तो ठरवतो. त्याचा निर्णय कशावर अवलंबून असतो, हे समजलं की धंदा समजला.

इथे थोडं मुळाकडे जावं लागेल. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली. त्यात रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात आणि ते पक्के बसतात. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं व्हल्कनाइझ झालेलं रबर वितळवून पुन्हा कच्चं करता येत नाही. वाफेच्या मदतीने जुनं रबर मऊ करायचं पेटंट अमेरिकेत १८५८ सालीच निघालं होतं, म्हणजे ही कला मोटारीच्या टायरपेक्षाही जुनी आहे. पण आजही अडचण तीच आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात तेल आणि रसायन घालून वाफेवर शिजवलं की गंधकाचे पूल तुटतात, पण त्यांच्याबरोबर रबराच्या मूळ साखळ्याही तुटतात. म्हणून चांगल्या नैसर्गिक रबराची ताण सोसायची ताकद वीस मेगापास्कलच्या वर जाते, तर अख्ख्या टायरपासून केलेलं रिक्लेम साधारण पाच ते सातच्या आसपास राहतं. वजनात शुद्ध रबर निम्म्याच्या जवळपास. बाकी कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीची भुकटी, तेल आणि राख.

तेव्हा रिक्लेम हे नव्या रबराची जागा पुरी घेत नाही, ते त्याच्या सोबतीला जातं. मॅट, चपलेचे सोल, कन्व्हेयर बेल्ट, मडफ्लॅप, बॅटरीचे डबे, सायकल टायर आणि मोठ्या टायरमध्ये थोड्या प्रमाणात. ज्या वस्तूत ताकदीपेक्षा भाव महत्त्वाचा, तिथे त्याला मान. म्हणजे त्याचा भाव स्वतःच्या पायावर उभा नसतो, तो नैसर्गिक रबर आणि खनिज तेल या दोघांच्या मागे फिरतो.

केरळातल्या कोट्टायमच्या बाजारात आरएसएस-४ या प्रतीच्या नैसर्गिक रबराचा भाव २०११ च्या एप्रिलमध्ये किलोला २४० रुपयांवर गेला होता. २०१६ च्या सुरुवातीला तोच शंभराच्या खाली आला. त्याच जानेवारीत कच्चं तेल पिंपाला तीस डॉलरच्या खाली उतरलं, त्यामुळे सिंथेटिक रबरही स्वस्त. नवं रबर एवढ्या स्वस्तात मिळत असताना कंपाउंडमध्ये रिक्लेम घालून मूनीचा (रबराच्या घट्टपणाच्या मापाचा) आणि वासाचा त्रास कोण कशाला ओढवून घेईल? पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोट्टायमचा भाव २०११ चा विक्रमही ओलांडून गेला आणि रिक्लेमची विचारपूस पुन्हा वाढली. तुमच्या कर्जाची मुदत किती आहे? सात वर्षं असेल, तर या सात वर्षांत असं एक खोल वळण येईल असं धरूनच हिशेब मांडा. प्रकल्प अहवालात विक्रीचा एकच भाव पाचही वर्षं ओळीने लिहिलेला असेल, तर तो अहवाल बँकेसाठी लिहिलेला आहे, तुमच्यासाठी नाही.

लांबच्या पल्ल्यात मागणी वाढेल, यावर मात्र माझाही विश्वास आहे. मिशलॅनने २०५० पर्यंत टायर पूर्णपणे नवीकरणीय किंवा रिसायकल केलेल्या मालाचे करायचं जाहीर केलं आहे. ब्रिजस्टोनचं उद्दिष्टही त्याच धर्तीचं आहे. युरोपच्या जंगलतोडविरोधी कायद्यात नैसर्गिक रबर येतं, पण पूर्णपणे वापरून संपलेल्या मालापासून केलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. हे वारे खरे आहेत. पण टायर कंपनी एखाद्या नव्या पुरवठादाराचा माल लाइनवर घ्यायच्या आधी नमुने, चाचण्या, ऑडिट, पुन्हा नमुने असं बरंच काही करवून घेते, आणि तेवढा काळ तुमचे हप्ते थांबत नाहीत. शिवाय तिथे रांगेत तुमच्या पुढे कोण आहे तेही बघा. १९७४ साली स्थापन झालेल्या, मूळच्या अंकलेश्वरच्या जीआरपी या रिक्लेम कंपनीचा एक कारखाना तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. अशा कंपन्या अनेक देशांत माल पाठवतात, त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, आणि जुने टायर विकत घ्यायलाही त्या तुमच्याच भागात येतात.

तिथून आपण कच्च्या मालाकडे येतो. टायर फुकट पडलेला नाही. पंक्चरवाल्याच्या दाराशी जो ढीग दिसतो, त्याला आधीच गिऱ्हाईक आहे. रिमोल्डवाला बरं केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, उचलतो, रिक्लेमवाला नायलॉनचा ट्रक टायर शोधतो, पायरोलिसिसवाला जे येईल ते घेतो, आणि या सगळ्यांच्या मधे भंगारवाला बसलेला असतो, ज्याला रोज सकाळी प्रत्येकाचा भाव ठाऊक असतो. रिक्लेमला तेजी आली की तुमच्या मालाच्या आधी भंगाराचा भाव चढतो. पुन्हा भंगाराला रोख पैसे आणि तुमच्या विक्रीला साठ-नव्वद दिवसांची उधारी. छोटे कारखाने बहुधा या फटीत अडकून बंद पडतात. मशीनला पैसे पुरतात, खेळत्या भांडवलाला पुरत नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात वेळेवर दाखवता येत नाही, असा नियम आता आहे. त्याची थोडी मदत होईल, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

त्यातही टायर बदलतो आहे. जुन्या नायलॉनच्या ट्रक टायरमध्ये नैसर्गिक रबर भरपूर आणि तार फक्त बीडमध्ये, म्हणजे चाकाच्या रिमवर बसणाऱ्या कडेत. बीड उपटला की बाकीचं दळायला सोपं. रेडियल टायरमध्ये पोलादी पट्ट्या आतवर विणलेल्या असतात, त्यामुळे कापायला जास्त वीज लागते, ब्लेड लवकर जातात आणि भुकटीत तारेचे तुकडे राहतात. रस्त्यावर रेडियल वाढत चाललेत. ट्यूबचंही तसंच. ब्युटिल या ट्यूबच्या रबराच्या रिक्लेमला चांगला भाव मिळतो, पण ते जुन्या ट्यूबपासून होतं, आणि ट्यूबलेस टायर आल्यावर जुन्या ट्यूब येणार कुठून? विक्रेत्याने दाखवलेलं मशीन नायलॉनसाठी आहे की रेडियलसाठी, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. ते लेखी द्यायला तो कचरला तर तेवढ्यावरच बरंच काही कळेल.

वडिलांच्या ओळखीने एसटीचे टायर मिळतील, असं तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून गेला आहात. सरकारी महामंडळाचं भंगार लिलावाने जातं. तिथे ओळख चालत नाही आणि चालूही नये. ज्या माणसाने आयुष्यभर त्या वर्कशॉपमध्ये सरळ मान ठेवून नोकरी केली, त्याला आता जुन्या सहकाऱ्यांपुढे शब्द टाकायला लावू नका. त्यांच्याकडे याहून मोठं काहीतरी आहे. कुठला टायर नायलॉन, कुठला रेडियल, कुठल्याचं केसिंग अजून एकदा रिमोल्ड होण्यासारखं आहे आणि कुठला दळायलाच जावा, हे ते साइडवॉलवर हात फिरवून सांगू शकत असतील. भंगाराच्या गाडीत गैरमाल किती आला, यावर या धंद्यात रोजचा नफा-तोटा ठरतो. त्यांच्याकडे पैसे मागण्याआधी हे ज्ञान मागा.

आता पायरोलिसिस. इथे मी तोलूनमापून बोलणार नाही. स्वस्तातलं बॅच पायरोलिसिस युनिट टाकू नका.

त्यात टायर बंद भट्टीत हवेशिवाय चारशे-पाचशे अंशांवर तापवतात. निघतं ते जाळायचं तेल, काळा चारकोल, तार आणि वायू. तेल भट्ट्यांमध्ये जाळायला जातं. म्हणजे रबराचं रबर होतच नाही, त्याचं हलक्या प्रतीचं इंधन होतं. तुम्ही पर्यावरणाचं काम म्हणून याकडे बघत असाल तर वाडा तालुक्यात एक फेरी मारून या. पालघर जिल्ह्यातल्या त्या भागात अशी बरीच युनिटं उभी राहिली. आसपासच्या गावांतले लोक वर्षानुवर्षं खोकल्याच्या, काळवंडलेल्या पाण्याच्या आणि पिकांवर बसणाऱ्या काजळीच्या तक्रारी करत आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एका युनिटमध्ये स्फोट झाला आणि दोन बायका व दोन लहान मुलं गेली. स्फोट होणाऱ्या भट्टीच्या जवळ लहान मुलं असतात, याचा अर्थ मजुरांची कुटुंबं तिथेच वावरत असतात. मालक म्हणून तुमच्या आवारात कोण झोपतं, कोण काजळी भरतं, भट्टी पूर्ण थंड व्हायच्या आत दार उघडायची घाई कोण करायला लावतं, याची जबाबदारी तुमची असेल. सतत चालणारी, वायू नीट पकडणारी आधुनिक यंत्रणाही असते, पण ती तुम्हाला सांगितलेल्या किमतीत येत नाही.

कायद्याचा कलही ओळखा. जुलै २०२२ मध्ये टायरसाठी उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम आले. त्यात पायरोलिसिसचं तेल किंवा चारकोल करण्यासाठी परदेशातून जुने टायर आणायला बंदी घातलेली आहे, आणि प्रमाणपत्रांच्या गणितातही रिक्लेमच्या तुलनेत पायरोलिसिसला कमी वजन दिलं आहे. तरी बाहेरचे टायर या भट्ट्यांपर्यंत पोचतात, अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. ब्रिटनमधून निघणाऱ्या जुन्या टायरांचा मोठा हिस्सा भारतात येतो आणि त्यातले बरेच अशा युनिटांत जळतात, असं तिथल्याच पत्रकारांनी दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२१ पासून अख्खे जुने टायर बाहेर पाठवणंच बंद केलं. श्रीमंत देश आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकतात याचा मला संताप येतो. पण तो आपल्या दारात उतरवून घेणारा हातही आपल्यातलाच असतो, तो तुमचा नसावा.

याच नियमांमुळे तुमच्या प्रकल्प अहवालात उत्पन्नाचा एक नवा रकाना आला असेल: ईपीआर, म्हणजे उत्पादकांच्या याच जबाबदारीची, प्रमाणपत्रं. ते थोडक्यात असं. टायर बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर दोन वर्षांपूर्वीच्या टायरच्या प्रमाणात रिसायकलिंगची जबाबदारी आहे. पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, आणि २०२४-२५ पासून १००. नोंदणीकृत रिसायकलर माल बनवून विकतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याची प्रमाणपत्रं तयार होतात आणि टायर कंपन्या ती विकत घेतात. योजना मला मनापासून आवडते, कारण कचरा उचलण्याचा खर्च पहिल्यांदाच कचरा करणाऱ्याच्या माथी आला. पण प्रमाणपत्राचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो, आणि नियम बदलला की तोही बदलतो. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने राज्यांना रस्त्यांच्या डांबरात टायरची भुकटी घालायची सक्ती केली होती. १९९५ मध्ये संसदेने ती सक्ती काढून टाकली. युरोपात कृत्रिम मैदानांत टाकायच्या रबरी दाण्यांवर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी येते आहे, आणि तिथल्या क्रंबचा एक मोठा ग्राहक जाणार आहे. ती भुकटी मग दुसरं गिऱ्हाईक शोधेल, कदाचित तुमच्याच गिऱ्हाइकाकडे येईल. म्हणून प्रमाणपत्राचं उत्पन्न शून्य धरून हिशेब मांडा. तरीही कारखाना तगत असेल तर पुढे बोलू. तगत नसेल तर तुम्ही कारखाना नव्हे, एक सरकारी नियम विकत घेत आहात.

हिशेब कसा मांडायचा तेही सांगते. हा भाग तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतरांनाही उपयोगी पडेल. एक किलो रिक्लेमपासून सुरुवात करून मागे जा. कारखान्याच्या दारात पडलेल्या टायरचा भाव घ्या. तार, धागा, माती आणि ओलावा वजा करून हातात किती रबर उरतं ते बघा. पावसाळ्यात टायरमध्ये पाणी साचतं, वजनात पाण्याचे पैसे जातात आणि डासही होतात. मग तेल आणि रसायन. मग वीज. रिक्लेममध्ये वीज हा कच्च्या मालाखालोखालचा खर्च आहे, कारण रिफायनरच्या दोन रोलरांमधली फट अगदी अरुंद ठेवून त्यातून रबर पुन्हापुन्हा काढावं लागतं. गुजरातमधल्या स्पर्धकाचं वीजबिल आणि तुमचं बिल शेजारी ठेवून बघा. त्यात मजुरी, पॅकिंग, भाडं, नाकारलेला माल, व्याज आणि विमा. टायरच्या ढिगाचा विमा सोपा नसतो. कॅनडातल्या हॅगर्सव्हिलला १९९० च्या फेब्रुवारीत टायरच्या ढिगाला लागलेली आग सतरा दिवस जळत होती. ढिगाऱ्यांमधलं अंतर आणि पाण्याची टाकी हे खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतात. शेवटी जो आकडा येईल, तो तुमच्या सध्याच्या कारखान्याच्या खरेदी दराशी ताडून बघा. तो दर तर तुम्हाला पाठच असेल.

पण त्याआधी एक काम याहून स्वस्त आहे. तुमच्या विभागात गेल्या वर्षभरात रिक्लेमचे कुठले लॉट नाकारले गेले आणि कशासाठी, ते आठवा. मूनी वरखाली? राख जास्त? वास? शीट हाताने ताणून उजेडापुढे धरली की न मुरलेले बारीक दाणे दिसतात आणि त्या प्रत्येक दाण्यापाशी तयार मालाला चीर पडायची शक्यता असते. हे तुम्ही शेकडो वेळा बघितलं असेल. हाच दोष कायमचा काढून देणारा पुरवठादार कुपवाड, शिरोली, भोसरी इथल्या मोल्डिंगवाल्यांना हवा आहे का? त्यासाठी ते किलोमागे दोन रुपये जास्त देतील का? आठवड्याच्या सुटीत चार-पाच जणांना भेटून हे विचारा. मालकाशी बेइमानी होईल असं काही करू नका, त्याचे फॉर्म्युले आणि दर बाहेर नेऊ नका. तुमची स्वतःची समज मात्र तुमचीच आहे.

मग एखाद्या चालू रिक्लेम युनिटमध्ये जॉबवर्कवर थोडा माल करून घ्या. बफिंगचं (रिमोल्ड करताना खरवडलेल्या रबराचा चुरा) किंवा नायलॉनचं भंगार तुम्ही विकत घ्यायचं, वडिलांनी निवडायचं, आणि शिजवायचं-रिफाइन करायचं त्यांच्या मशीनवर. तो माल त्या चार-पाच जणांना चाचणीसाठी द्या. यात पैसे जातील, पण ते लाखाच्या आसपासचे, दीड कोटी नव्हेत. पैसे देऊन कोणी दुसऱ्यांदा मागवला तर पुढचा विचार करायला आधार मिळेल. तोंडी कौतुक हिशेबात धरू नका.

मधली वाट म्हणून बफिंगकडे मी अधिक आशेने बघते. रिमोल्ड करताना टायरचा वरचा थर खरवडतात, त्याचा चुरा निघतो. त्यात तार नसते, धागा नसतो, आणि ट्रक टायरचं चांगलं रबर असतं. सांगली-कोल्हापूर भागात मालवाहू गाड्या भरपूर, तेव्हा रिमोल्डची दुकानंही असणार. हा चुरा गोळा करून, चाळून, मेशप्रमाणे, म्हणजे दाण्याच्या आकाराप्रमाणे, वेगळा करून मॅटवाल्यांना आणि रिक्लेमवाल्यांना पुरवणं हा लहान आणि सुटसुटीत धंदा आहे. नफा बारीक आहे, पण ऑटोक्लेव्ह नाही, वासाचा त्रास कमी, कर्ज आटोक्यात. पीएमईजीपी या सरकारी कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, त्यात हा बसू शकतो. यातून गिऱ्हाईक आणि भंगारवाले दोघांची नस कळेल. धूळ मात्र तिथेही उडते. मास्क आणि धूळ ओढणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हातात आल्याशिवाय एक विटही रचू नका. उभारणीची संमती वेगळी असते आणि चालवायची वेगळी, हे लक्षात ठेवा.

तिसरी शक्यता तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. तुमचा अनुभव घेऊन एखाद्या रिक्लेम कंपनीत नोकरी धरणं. वापरणाऱ्याची बाजू जाणणारा माणूस या कंपन्यांना विक्रीपश्चात सेवेत आणि गुणवत्ता विभागात लागतो. दोन-तीन वर्षं आतून काम बघितलंत तर रिफायनर कधी का बंद पडतो इथपासून परदेशी खरेदीदार कुठला कागद मागतो इथपर्यंत सगळं कळेल, तेही पगार घेऊन. गाव सोडावं लागेल, मुलांच्या शाळेचा प्रश्न येईल, ही किंमत लहान नाही. पण ती घर तारण ठेवण्याच्या शेजारी मांडून बघा.

घराबद्दल. राहतं घर तारण ठेवू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसईची हमी योजना आहे, तिच्यात बँकेला तारणाशिवाय कर्ज देता येतं. बँक तरीही घरच मागत असेल, तर तिला तुमच्या प्रकल्पाचा भरवसा नाही, असं समजायला जागा आहे.

वडिलांच्या "तुला योग्य वाटेल ते कर" या वाक्याला तुम्ही संमती धरलं आहे. मला त्याची खात्री वाटत नाही. आपल्याकडे बाप मुलाला पैशासाठी नाही म्हणत नाही, आणि मग पुढची कित्येक वर्षं दवाखान्याला जाताना रिक्षा टाळून चालत जातो. त्यांना प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारा. "देऊ का?" असं नको, "तुमच्या दोघांच्या औषधपाण्याला आणि महिन्याच्या खर्चाला किती बाजूला ठेवायचं?" असं विचारा. तो आकडा आधी काढा, आईच्या नावावर वेगळा ठेवा आणि त्याला हात लावायचा नाही असं कागदावर लिहा. उरलेल्यातून त्यांनी आपण होऊन काही दिलं तर तो व्यवहार म्हणून घ्या. त्यांची भागीदारी नोंदवा आणि खरेदीच्या निवडीचं काम त्यांना द्या. पत्नीचा विरोध नेमका कशाला आहे, हेही पत्रात कुठे नाही. धंद्याला, कर्जाला, घर गहाण टाकायला की त्या विक्रेत्याला? चारही वेगळ्या गोष्टी आहेत. एका रात्री सगळे कागद त्यांच्यासमोर पसरा आणि त्यांनाच खर्चाचा तक्ता भरायला सांगा. घर चालवणाऱ्या माणसाला खेळतं भांडवल म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इसाराचे पाच लाख या महिन्यात भरू नका. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा: त्याने बसवलेली आणि आज चालू असलेली युनिटं कुठे आहेत, मशीन दर तासाला रेडियल टायरपासून किती माल देतं आणि त्याला किती युनिट वीज लागते, आणि ठरलेला माल निघाला नाही तर पैसे परत कसे मिळतील. दिलेल्या पत्त्यांवर त्याला बरोबर न घेता जा. मालक काही सांगेल ते ऐकाच, पण रिफायनरवर उभ्या असलेल्या कामगाराशी आणि गेटबाहेरच्या चहावाल्याशीही बोला. कारखाना किती पाळ्यांत चालतो, हे चहावाल्याला ठाऊक असतं. महिनाअखेर उलटल्यावर किंमत वाढेल असं विक्रेता म्हणत असेल, तर वाढू द्या.